बॉल पिशवीत घालायचा नाही

मुंगी बसथांब्यावर उभी होती आणि मी खिडकीत बसले होते. बस थांबली, दार उघडलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका चढल्या, त्यांच्यामागे मुंगीनं पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात तिनं वर बघितलं आणि तिला मी दिसले. तिनं पाय मागे घेतला. रागानं नाही, घाईनंही नाही. चुकीच्या नंबरची बस आली की आपण मागे सरकतो तशी ती सरकली, दप्तराचा पट्टा नीट केला आणि फुटपाथवरून चालायला लागली. दार मिटलं. पुढे सिग्नलला आम्ही अडकलो तेव्हा ती माझ्या खिडकीखालून पुढे गेली. केस करकचून बांधलेले, मान ताठ, बूट एका नाडीनं दप्तराला लटकवलेले. मी काचेवर बोट वाजवलं नाही. वाजवलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, आणि न ऐकल्याचं मला दिसलं असतं. शाळा तिथून चांगली लांब आहे. एवढं अंतर पोरगी पायी तुडवणार होती, का, तर मी बसमध्ये आहे म्हणून. शेजारची बाई मला म्हणाली, "सरकता का जरा?" मी सरकले.

मुंगी हे तिचं नाव मी ठेवलेलं. माझ्या टीममध्ये आईबापांनी ठेवलेली नावं चालत नाहीत, ती हजेरीसाठी. बोर्डाखाली उभी राहते ती खांब. मॅचआधी जिला हमखास उचकी लागते ती उचकी. आणि ही मुंगी, कारण आली तेव्हा एवढीशी होती आणि स्वतःपेक्षा मोठं काहीतरी सतत इकडून तिकडे वाहून नेत असायची, बॉलची जाळी, पाण्याची बादली, दुसऱ्या कुणाचं तरी दप्तर. आता ती कप्तान आहे. मला त्या सगळ्या तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे शिट्टी म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे आणि माझी त्याला हरकत नाही. मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात माझी वीसएक वर्षं गेली. गुडघे गेले, आवाज गेला, खेळाचा तास गणिताच्या बाईंनी पळवला म्हणून भांडण्यात अर्धं आयुष्य गेलं. आणि आज शुक्रवार, माझा शाळेतला शेवटचा दिवस. सोमवारपासून मी कॉलेजात. ही बातमी मी मुलींना सांगितली त्या संध्याकाळपासून मुंगी माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. सरावाला येते, सांगितलं ते करते, पळ म्हटलं की पळते. बोलत नाही. बाकीच्या रडल्या, गळ्यात पडल्या आणि दोन दिवसांत विसरून खिदळायला लागल्या. तेच बरं असतं. मला निरोप नको होता, हारतुरे नको होते. मला एवढंच हवं होतं की आज संध्याकाळी मी त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आत तिनं माझ्याशी बोलावं. काहीही. शिव्या दिल्या असत्या तरी मी त्या प्रसाद म्हणून घेतल्या असत्या.

तिचा राग कशाचा आहे ते मला ठाऊक नाही असं म्हणायची सोय नाही. मागच्या वर्षी तिला त्या काचेच्या इमारतीच्या शाळेनं मागितलं होतं. तिथे सगळंच काचेचं आणि चकचकीत. राहायची सोय, दोन दोन कोच, व्यायामाची वेगळी खोली, दरवर्षी बाहेरगावी स्पर्धा. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभी असते. ती सुट्टी घेऊन हॉलमध्ये आली. बाकावर अगदी कडेला बसली, हाताच्या पालथ्या बाजूला जुने-नवे चटके, आणि समोर मुली पळत होत्या तिकडे न बघता मला म्हणाली, "बाई, मला यातलं काही कळत नाही. पाठवू का नको, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "पाठवू नका. तिथे तिला दहाजणींत बसवून ठेवतील. इथे शेवटच्या वर्षी मी तिला अशी तयार करते की कॉलेजं दाराशी येतील." ती म्हणाली, "पण तुम्ही आहात ना तोवर?" मी म्हटलं, "मी कुठे जातेय?" आणि हसले. मुंगी मागे उभी होती, घाम पुसत. तीही हसली. आता सांगा, मी खोटं बोलले का? तेव्हा मी खरोखरच कुठे जात नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं. वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. माणूस ज्या जागी खिळलेला असतो तिथून तो म्हणतो मी कुठे जातेय, त्याला वचन म्हणत नाहीत. हे मी स्वतःला आंघोळ करताना, भांडी घासताना, बूट घालताना इतक्या वेळा समजावलंय की आता वाक्य तोंडपाठ झालं आहे.

कॉलेजचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याच्या कामाच्या खोलीत होते. तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि तो टेबलाशी बसून लोकांचं हसू घासत असतो, असं तोच म्हणतो. मशीनचा घरघराट चालला होता, म्हणून मी एका कानात बोट घालून ऐकलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमचं काम आम्ही बरीच वर्षं बघतोय. बघतोय, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि त्याला सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मग? थोबाड का पडलंय?" मी म्हटलं, "मुंगीचं शेवटचं वर्ष आहे." तो म्हणाला, "तुझंही शेवटचंच समज. यापुढे कोण विचारतंय तुला?" कवळ्या करणारा माणूस, त्याला कशाचं किती दिवस चालतं याचा बरोबर अंदाज असतो. मला राग आला, कारण तो बरोबर होता. आणि त्याहून आत, जिथे कोणी बघत नाही तिथे, मला आनंद झाला होता. उगाच कशाला लपवू. मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि हात वर करून एक शॉट मारला, बॉल नसताना. कुणीतरी मला मला म्हणून मागितलं होतं. मुलींना वर्षानुवर्षं कोणी कोणी मागत आलं, मी त्यांना पोचवत आले, हात हलवत आले. माझ्यासाठी दार कुणी उघडलं तर मी दारात उभं राहून तपशील विचारत बसायचं? मी होकार दिला. एक वर्ष थांबता का असं त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं म्हणणारे लोक स्वतः कधी कशाची वाट बघत नसतात.

बस शाळेपाशी आली. मी उतरले आणि मुंगी येताना दिसते का म्हणून फाटकात थोडी रेंगाळले. मग स्वतःचीच लाज वाटली आणि आत गेले. हॉल रिकामा होता. या हॉलचा वास मला कुणी डोळे बांधून कुठेही नेलं तरी ओळखता येईल. ओलं लाकूड, रबर, मुलींचे मोजे आणि त्यावर कुणीतरी चोरून मारलेलं अत्तर. डाव्या बोर्डाच्या खाली एक फळी मेलेली आहे. तिच्यावर बॉल आपटला की वर येतच नाही, धप्प करून बसतो. दुरुस्त करा म्हणून मी इतके अर्ज केले की शेवटी मीच त्या फळीशी सूत जुळवलं. आमच्या मुली पाहुण्या टीमला गोड बोलून त्या कोपऱ्यात ढकलतात, समोरचीचा बॉल धप्प होतो आणि आमची तो उचलून पळते. मुंगीला ही युक्ती मी शिकवलेली नाही, तिनं स्वतः शोधली. तेव्हा मी तिला ओरडले होते, आणि घरी येऊन नवऱ्याला अर्धा तास कौतुक सांगत होते. आता माझ्या जागी येणाऱ्या नव्या मॅडम पहिल्या आठवड्यात ती फळी बदलून घेतील. त्यांना लगेच मिळेल. नवीन माणसाचा पहिला अर्ज सगळे वाचतात.

कोपऱ्यात बॉलची जाळी होती आणि तिच्यात तो जुना बॉल. त्याला आम्ही घरचा बॉल म्हणतो. त्याचा खरखरीतपणा कधीच गेलाय, शिवणी काळ्या पडल्यात, सरावाला तो घेत नाहीत. तो घरी न्यायला असतो. ही पद्धत माझी. मॅचमध्ये जिच्या हातून मोक्याचा बॉल सुटला तिनं शुक्रवारी तो बॉल घरी न्यायचा. पिशवीत घालायचा नाही. हातात नाहीतर काखेत. बसमध्ये, बाजारात, मावशीकडे, जिथे जाल तिथे. लोक विचारतात, कुणाचा गं हा, मग सांगायचं, माझा. सोमवारी पुसून परत आणायचा, मधल्या वर्तुळात कप्तान उभी असते, तिच्याकडे पास द्यायचा. कप्तानानं झेलला की विषय संपला. त्या चुकीबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही, मीसुद्धा नाही. पालक कुरकुरतात. एका बापानं मला विचारलं होतं, ही कसली शिक्षा? मी म्हटलं, शिक्षा सोमवारी संपते, तुम्ही घरी बोलता ते संपतं का? नवरा म्हणतो तू हे शिक्षा म्हणून करतेस का लाड म्हणून ते तुलाच कळत नाही. खरं आहे. मला एवढंच कळतं की सोमवारी तो पास देताना मुलीचे हात हलके होतात. आणि इतक्या वर्षांत कुठल्याही कप्तानानं तो बॉल कधी सोडलेला नाही, मग त्या दोघींचं आपसात कितीही वाकडं असो.

मुंगीनं तो पहिल्यांदा नेला तेव्हा तिची आजी दवाखान्यात होती. मला ते माहीत नव्हतं, नाहीतर दिला नसता. दोन दिवस ती त्या खाटेशी बॉल मांडीवर घेऊन बसली. नर्स म्हणाली बाहेर ठेव, जंतू असतात. हिनं तो बेसिनमध्ये साबणानं धुतला आणि परत मांडीवर घेतला. नर्स म्हणाली निदान पिशवीत तरी घाल. ही म्हणाली, "पिशवीत चालत नाही." हे मला तिच्या आईनं नंतर सांगितलं, थोडं हसत, थोडं मला दोष देत. मी मुंगीला विचारलं, अगं, मला का नाही सांगितलंस? मी सोडलं असतं ना तुला. ती म्हणाली, "पण बॉल माझ्याच हातून सुटला होता." जणू मलाच माझे नियम नीट माहीत नव्हते. त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुढे कप्तान हीच.

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम झाला. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, खुर्च्यांच्या पायांनी लाकडी जमिनीला ओरखडे पडत होते आणि मला ते दातात जाणवत होतं. एकदा ओरडायला तोंड उघडलं, मग शब्द गिळले, आता कसला हॉल आणि कुणाचा. मुख्याध्यापिका बोलल्या. त्यांनी मला आपल्या खेळाच्या बाई म्हटलं, शाळेच्या जडणघडणीत वाटा वगैरे म्हटलं, आणि ज्या वर्षी आम्ही मोठी स्पर्धा जिंकलो ते वर्ष चुकीचं सांगितलं. तो कप अजून जिन्याखालच्या कपाटात झाडूंच्या शेजारी आहे. मी मान हलवत होते. सहकाऱ्यांनी टेबलावरचा दिवा दिला, कुणीतरी फुलं दिली, केक कापला. नव्या मॅडम येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या, मी त्यांना वरच्यावर धरलं. चांगली मुलगी आहे. हसरी, चपळ, गुडघे शाबूत. तिच्याबद्दल वाईट वाटावं असं काही सापडेना आणि त्याचाच त्रास झाला. मग मुलींच्या वतीनं उचकी उभी राहिली आणि अपेक्षेप्रमाणे तिला उचकी लागली. "मॅडम, तुम्ही आम्हाला, हिक्, नुसतं खेळायला नाही शिकवलंत." सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे शेवटच्या रांगेत गेले. मुंगी तिथे खांबच्या शेजारी बसली होती. हसत नव्हती. केकची बशी तिच्या मांडीवर तशीच होती.

कार्यक्रम संपला असं वाटलं. लोक उठायला लागले. मी एका हातात फुलं, दुसऱ्यात दिव्याचं खोकं, खांद्याला माझी ती मोठी कापडी पिशवी, तिच्यात बूट, शिट्टी, टॉवेल, कपाटातून काढलेलं सटरफटर, अशी उभी होते आणि मनात म्हणत होते की आता गेलं पाहिजे, आता गेलं पाहिजे. तेव्हा मुंगी उठली. ती सरळ कोपऱ्यातल्या जाळीकडे गेली, वाकली आणि तिनं घरचा बॉल काढला. मग हॉलच्या मधून चालत माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी तो समोर धरला. माझ्याकडे बघत नव्हती. बॉलकडे बघत होती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वा, किती छान आठवण दिली मुलींनी." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी वाजवल्या. नव्या मॅडमनी वाजवल्या, त्यांना तर कौतुकानं भरून आलं होतं. टीममधल्या एकाही मुलीनं टाळी वाजवली नाही. खांब खाली बघत होती. उचकीची उचकी थांबली होती. कळलं ते फक्त आम्हाला. आज शुक्रवार होता, आणि माझ्या हातून मोक्याचा बॉल सुटला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं आणि तरी मी हसत होते, कारण टाळ्या चालू होत्या. मी दिव्याचं खोकं खुर्चीवर ठेवलं, बॉल घेतला. हात भरलेले, फुलं एका कोपरात, आणि मी सवयीनं म्हणा, गडबडून म्हणा, पिशवीचं तोंड उघडलं.

"मॅडम," मुंगी म्हणाली, "पिशवीत घालायचा नाही."

बातमी कळल्यापासून तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी म्हटलं, "नाही घालत." ती वळली आणि आपल्या जागेवरची केकची बशी उचलून ठेवायला गेली.

घरी जाताना बॉल माझ्या मांडीवर होता. वीस वर्षं मी मुलींना हे करायला लावलं, स्वतः एकदाही केलं नव्हतं. पन्नाशीच्या बाईच्या मांडीवर बास्केटबॉल असला की लोक कसे बघतात ते मला माहीत नव्हतं. समोरच्या आजोबांनी विचारलं, "नातवाचा का?" मी म्हटलं, "माझा." ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. दिवा आणि फुलं मी सीटखाली ठेवली होती, उतरताना फुलं तिथेच राहिली. नवऱ्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "एवढ्या वर्षांचा हिशोब हा? आणखी जुना नव्हता का?" मी त्याला सगळं सांगितलं. त्याला पद्धत माहीत होती, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. त्यानं बॉल हातात घेतला, कवळी बघतो तसा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "कार्टी हुशार आहे." मग म्हणाला, "सोमवारी नेऊन दे."

"सोमवारी माझं कॉलेज आहे."

"सराव सकाळी असतो ना? कॉलेज त्यानंतर. शाळेवरूनच तर बस जाते. उतर, पास दे, पुढची बस पकड."

"इतकं सोपं आहे?"

"तूच म्हणतेस ना, तिनं झेलला की विषय संपला."

"आणि नाही झेलला तर?"

"आजवर कुणी सोडलाय?"

त्याचं डोकं असं चालतं, माप घ्यायचं, साचा करायचा, बसतो का बघायचं. शनिवारी आणि रविवारी मी बॉल घेऊन फिरले. दूध आणायला, दळण आणायला, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं औषध द्यायला. लाज पहिल्या दिवशीच संपली. नंतर जे उरलं ते लाजेहून वाईट होतं, कारण तळव्यांना तो हवाहवासाही वाटत होता. रविवारी दुपारी मी ओल्या फडक्यानं तो पुसला. शिवणीतली माती टाचणीनं काढली. किती मुलींच्या घरची धूळ असेल ती. पुसताना माझ्या लक्षात आलं की मुंगी चिडून वागली नव्हती. चिडली असती तर तिनं तो माझ्या अंगावर फेकला असता. तिनं मला बाकीच्यांसारखं वागवलं होतं. चूक झाली, घरी ने, सोमवारी ये. तिनं मला टीममध्येच ठेवलं होतं, आणि परत यायची वाट मीच आखून दिलेली होती. मला रडू आलं. नवरा आतून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, टाचणी टोचली."

सोमवारी मी लवकर निघाले. नवी साडी नव्हती, नवा ट्रॅकसूट होता, कॉलेजच्या रंगाचा, त्यांनीच पाठवलेला. खांद्याला पिशवी आणि काखेत बॉल. शाळेच्या थांब्यावर उतरले. रखवालदारानं सवयीनं सलाम केला आणि मग गोंधळून हसला. हॉलच्या बाहेरून एक बोळ जातो, तिथे गज लावलेली खिडकी आहे, त्या खिडकीतून मी आधी मुलींना चोरून बघत असे, माझ्या गैरहजेरीत काय करतात ते. मी तिथे थांबले. आत बॉलांचे आवाज चालले होते. नव्या मॅडमनी गाणं लावलं होतं, हळू आवाजात. माझ्या वेळी गाणी चालत नसत. मुली दोन रांगांत पळत होत्या आणि वाईट पळत नव्हत्या. आणि मुंगी पळत नव्हती. ती मधल्या वर्तुळात उभी होती, दाराकडे तोंड करून. नव्या मॅडमनी शिट्टी वाजवली, तिला हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं. मुंगी म्हणाली, "एक मिनिट, मॅडम." दोन्ही हात छातीपाशी आणलेले, पंजे उघडे. पास झेलायला असंच उभं राहायचं हे मी तिला ती एवढीशी असताना शिकवलं होतं.

दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. ती बॉल झेलणार होती, यात मला आता काडीचीही शंका नव्हती. आणि तिथेच घोडं अडलं. तिनं सोडला असता तर मला सोसलं असतं. मी अपमान गिळायची तयारी करून आले होते, त्यात माझी हयात गेली आहे. पण ती झेलणार, विषय संपणार, ती त्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही, आणि मी त्या दारातून बाहेर पडून बस पकडणार. तिचं वर्ष बुडालेलंच राहणार. काचेची शाळा गेलेलीच राहणार. चटक्यांच्या हातांची तिची आई इस्त्री करतच राहणार. आणि मी मोकळी. सतरा वर्षांच्या पोरीनं मला मोकळं करायचं, आणि मी तिला थँक्यू म्हणायचं? की मी तिला सांगायचं, बाळ, यात तुझी चूक नाही, मोठी झालीस की तुला कळेल? आत दाराकडे बघत एक मुलगी हात उघडून उभी होती आणि माझ्या मनात आलं, कॉलेजात पहिल्या दिवशी उशीर बरा दिसणार नाही. असं खरंच आलं. याच शब्दांत. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी मोठं चाललेलं असतं.

नव्या मॅडमनी पुन्हा शिट्टी वाजवली. मुंगी हलली नाही. मी बोळातून मागे फिरले. रखवालदारानं विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, "हो." थांब्यावर बस उभीच होती, मी चढले. आत गर्दी होती, तरी एका बाईनं मला जागा दिली, माझ्या गुडघ्यांकडे बघून दिली असावी. बस निघाली. शाळेची भिंत मागे गेली, मग पुढचा थांबा आला, कुणी चढलं नाही, तोही मागे गेला. बॉल माझ्या मांडीवर होता आणि वळणावर तो शेजारणीच्या हाताला लागत होता. दोनदा तिनं काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा ती चांगल्या शब्दांत म्हणाली, "अहो, तुमची पिशवी एवढी मोठी आहे. त्यात घाला की."

मी पिशवी उघडली. शिट्टी, टॉवेल आणि बूट एका बाजूला केले. बॉल आत अगदी नीट बसला.